कार्ड मेलेलं नव्हतं

‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथातला रथ मला नागपुरातल्या इंदोऱ्याच्या विहारात, रविवारच्या पाली वर्गात भेटला, पण पटला तो माझ्या दुकानात, जुन्या सर्व्हरचं झाकण उघडल्यावर. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला एकेक भाग दाखवून विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेल्या कॉलेजला मिलिंदाचं नाव आहे आणि परिसराला नागसेनवन. ग्रंथभर प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला द्यावं, हे मला फार आवडतं.

माझ्याकडे आलेला सर्व्हर सीताबर्डीच्या एका छापखान्याचा होता. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं विकल्या जाणाऱ्या पुस्तिका हा छापखाना वर्षानुवर्षं छापतो. पेजमेकरमधली पानं, श्रीलिपीतला मजकूर, सगळं चार डिस्कवर रेड फाइव्ह पद्धतीनं ठेवलेलं. या पद्धतीत फाइलचे तुकडे पडतात आणि ते चारही डिस्कवर वाटले जातात. प्रत्येक ओळीत तीन तुकडे मजकुराचे आणि चौथा त्या तिघांवरून काढलेल्या हिशेबाचा. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येतो. आता नागसेनासारखं विचारा: पुस्तिका या डिस्कमध्ये आहे का? नाही. त्या डिस्कमध्ये? नाही. मग या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डात? कार्ड तर फक्त हिशेब ठेवतं. तरी पुस्तिका होती, आणि दर वर्षी छापून निघत होती.

मदरबोर्ड गेला म्हणून मालकाच्या पोरानं कार्ड आणि डिस्का दुसऱ्या मशीनमध्ये बसवल्या आणि तिच्यावर नवं लिनक्स टाकलं. डिस्का दिसेनात. कोणीतरी सांगितलं, कार्ड मेलं, फेकून द्या.

मी आधी संगणकाला जोडलेल्या कार्डांची यादी काढली. कार्ड तिथं होतं, नावासकट. एलएसआय कंपनीची 1078 चिप: बनवणाऱ्याचा क्रमांक 1000, वस्तूचा क्रमांक 0060. म्हणजे यंत्रणेला ते दिसत होतं, फक्त त्याच्याशी बोलायला कोणी पुढं येत नव्हतं. लिनक्समध्ये अशी कार्डं चालवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये असे क्रमांक लिहिलेले असतात. सुरू होताना क्रमांक जुळला तर ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो, नाही जुळला तर कार्ड आहे तिथंच पडून राहतं. पोरानं टाकलेल्या व्यावसायिक लिनक्सच्या 2019च्या आवृत्तीत या कार्डाचा ड्रायव्हर होता, चालत होता, पण त्यातल्या जुन्या कार्डांचे क्रमांक वगळले होते. मूळ लिनक्समध्ये तेच क्रमांक शाबूत होते. डेबियन टाकलं, आणि डिस्का आल्या. ज्याला ते व्यावसायिक लिनक्सच हवं असेल त्याच्यासाठी ईएलरेपोचे स्वयंसेवक जुने क्रमांक परत घातलेले ड्रायव्हर तयार करून ठेवतात.

पाली वर्गातल्या भन्तेजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘सगळं अनित्य आहे, तुम्ही लोखंडाला कशाला चिकटून बसता?’’ प्रश्न रास्त होता. दोन-तीन रविवार मी त्यावर घालवले.

मला वाटतं, दोन गोष्टींची गल्लत होते. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला आणि कार्डावरची बॅटरी फुगली, ती अनित्यता. तिच्याशी माझं भांडण नाही. पण कुठल्यातरी कार्यालयात बसून कोणीतरी ओळ खोडली, तो निर्णय आहे. त्याला निसर्गनियमाचं नाव देणं मला पटत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं हे चांगलंच सोसलं आहे: माणसांनी ठरवायचं कोण आत, कोण बाहेर, आणि वर म्हणायचं, सृष्टीचा क्रमच असा आहे. बुद्ध तर प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायला सांगतो. कारण असेल तर गोष्ट उभी राहते, कारण सरलं की मावळते. या कार्डाच्या बाबतीत सरलेलं कारण चार-चार आकड्यांच्या दोन क्रमांकांएवढं होतं, आणि ते परत घालता येत होतं. ते परत घालण्याला आसक्ती कसं म्हणायचं?

ओळ खोडणारे सगळे दुष्ट असतात असं मात्र नाही. लिनक्सवाल्यांनी 2012च्या अखेरीस 386 प्रोसेसरचा आधारच काढून टाकला, ज्या प्रोसेसरवर 1991 साली लिनक्स जन्मलं तोच. जुनं सांभाळायला माणूस लागतो, आणि ज्याच्याकडे ते यंत्रच नाही तो तपासणार कशावर? पण ती चर्चा चारचौघांत झाली, आणि काढलेला मजकूर आजही कोणालाही वाचता येतो, परत जोडता येतो. बंद ड्रायव्हरच्या बाबतीत एवढंही होत नाही. कंपनीनं हात झटकले की कारणंच कुलपात जातात, मग शोधायचं तरी काय?

पुस्तिका नव्या डिस्कवर उतरवून दिल्या. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचं काम अजून बाकी आहे. ते किचकट आहे आणि मी पोराच्या गळ्यात मारलंय. मालक म्हणाला, ‘‘भाऊ, आता हे कार्ड चालतंय तर चालूच राहू द्या की.’’ इथं मात्र मी भन्तेजींच्या बाजूला गेलो. कार्ड काढलं, फुगलेली बॅटरी ई-कचऱ्यात दिली. मालक दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

पुढच्या रविवारी भन्तेजींनी विचारलं, नव्या डिस्कवरची पुस्तिका तीच का? मी म्हटलं, तीच नाही, पण दुसरीही नाही. ते म्हणाले, हे तर नागसेनाचं उत्तर झालं, तुमचं सांगा.