‘मीन’ ह्या क्रियापदाची उठाठेव : विवक्षा, अर्थ आणि उत्तरदायित्व

इंग्रजी भाषेतील ‘मीन’ हे क्रियापद अगदी रोजच्या वापरातले आहे. शब्दकोशात ते फारशी जागा अडवीत नाही. तरीही विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्यविचारावर ह्या एका क्रियापदाने जेवढा ताबा मिळविला, तेवढा क्वचितच एखाद्या घडवून घेतलेल्या पारिभाषिक संज्ञेने मिळविला असेल. लेखकाचा हेतू आणि संहितेचा अर्थ ह्यांच्या संबंधाविषयी तेथे जो दीर्घ वाद झाला, त्यातील काही गुंता प्रश्नाच्या स्वरूपातून आलेला आहे, काही मात्र केवळ ह्या क्रियापदाच्या सैल स्वभावातून. हा दुसरा भाग वेगळा काढून पाहणे मराठीतील अभ्यासकाला तुलनेने सोपे आहे, कारण ह्या क्रियापदाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. (मराठी कानाला ‘मीन’ म्हटले की मासा आठवतो किंवा रास, तीही अडचण येथे उपयोगीच पडते.)

धूर दिसला तर तेथे अग्नी आहे, हे सांगताना इंग्रजी भाषक हेच क्रियापद वापरतो. एखाद्या शब्दाचा अर्थ सांगतानाही तेच येते. ‘तुमचे म्हणणे काय?’ ह्या प्रश्नातही तेच, उद्या जाण्याचा बेत सांगतानाही तेच, आणि एखादी व्यक्ती आपल्याला किती मोलाची आहे हे सांगतानाही तेच. ह्या क्रियापदाचा कर्ता कधी धूर असतो, कधी शब्द, कधी माणूस. जुन्या इंग्रजीतील त्याच्या पूर्वरूपात मनात धरणे आणि सांगणे ह्या दोन्ही छटा होत्याच. जर्मनमध्ये ह्याच कुळातील ‘माइनेन’ हे क्रियापद मुख्यतः माणसासाठी राहिले आणि शब्दांच्या वा चिन्हांच्या अर्थासाठी ‘बेडॉइटेन’ हे निराळे क्रियापद चालू लागले. फ्रेंचमध्ये अर्थ असणे ह्यासाठी रूढ असलेला ‘व्हुल्वार दीर’ हा प्रयोग शब्दशः ‘म्हणू इच्छिणे’ असा आहे, आणि तो माणसाप्रमाणे शब्दालाही लागतो. हुसर्लच्या ‘बेडॉइटेन’साठी देरिदाने १९६७ साली हाच प्रयोग निवडला. अर्थाच्या कल्पनेत बोलणाऱ्याची इच्छा आधीच शिरून बसलेली असते, हे दाखविण्यासाठी त्याला फ्रेंच भाषेनेच हत्यार पुरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत हेच काम तीन ठिकाणी वाटले गेले आहे. ‘म्हणजे’ हे मूळचे ‘म्हणणे’ ह्या धातूचे जुने कर्मणी रूप, ‘म्हटले जाते’ अशा आशयाचे. त्यात बोलणारा कोण हे सांगितलेलेच नाही. लोक म्हणतात, रूढी म्हणते. ‘म्हणायचे आहे’ ह्यात मात्र कोणाला, हे चतुर्थीने सांगावेच लागते. तिसरा ‘अर्थ’ हा शब्द नाम आहे. तो वस्तूसारखा शब्दात ‘असतो’ आणि वाचकाने तो ‘काढावा’ किंवा ‘लावावा’ लागतो. ‘काढणे’ आणि ‘लावणे’ ह्या दोन सहायकांत जे अंतर आहे त्यावर एक स्वतंत्र निबंध होऊ शकेल. आकाशात ढग आले ‘म्हणजे’ पाऊस येणार, असे मराठीत म्हणता येते. पण ढगांना पाऊस ‘म्हणायचा आहे’ असे कोणी म्हणणार नाही.

पॉल ग्राइस ह्याने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या निबंधात नेमका हाच भेद इंग्रजीच्या आतून काढून दाखविला. अंगावरील पुरळ गोवर सुचविते. ते तसे सुचवीत होते पण गोवर मात्र नव्हता, असे म्हणणे आत्मविसंगत ठरते. याउलट, बसच्या वाहकाने घंटा तीनदा वाजविली तर बस भरली आहे असा तिचा अर्थ होतो. बस प्रत्यक्षात रिकामी असली तरी त्या घंटेचा अर्थ तोच राहतो, वाहक चुकला एवढेच. पहिला अर्थ नैसर्गिक, दुसरा अनैसर्गिक. ह्या दुसऱ्या प्रकाराची ग्राइसने केलेली उकल अशी की, बोलणाऱ्याने ऐकणाऱ्यावर एखादा परिणाम घडवू पाहावा आणि तो परिणाम, आपला हा हेतू ऐकणाऱ्याने ओळखल्यामुळेच घडावा अशीही त्याची अपेक्षा असावी. हेरोडने योहानाचे शिर तबकात घालून सालोमेपुढे ठेवले. तिला मृत्यू कळला, पण हेरोडने तो ‘सांगितला’ असे ग्राइस म्हणत नाही. ते शिरच पुरेसे होते. हेरोडचा हेतू ओळखण्याची गरज पडली नाही.

ह्या उकलीचे मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ग्राइसने आरंभ माणसाच्या ‘म्हणायचे आहे’पासून केला आणि ‘म्हणजे’ ह्या सार्वजनिक अर्थाकडे तो नंतर वळला. हा क्रम त्याने युक्तिवादाने कमावला. साहित्यसमीक्षेत मात्र तो पुष्कळदा फुकट मिळालेला दिसतो.

विम्सॅट आणि बिअर्डस्ली ह्यांचा १९४६ सालचा हेतुविषयक तर्कदोषावरील निबंध प्रामुख्याने मूल्यमापनासंबंधी होता. कृती साधली की फसली हे ठरविण्यासाठी लेखकाचा आराखडा उपलब्ध नसतो आणि तो कसोटी म्हणून इष्टही नसतो, एवढे त्यांचे म्हणणे. पुढे तो निबंध जणू अर्थनिर्णयावरच लिहिला आहे अशा रीतीने वाचला गेला. १९६७ साली हर्शने लेखकाने इच्छिलेला अर्थ आणि वाचकाच्या काळाशी जुळणारी त्या अर्थाची महत्ता असे दोन भाग करून पहिला भाग लेखकाच्या स्वाधीन केला. १९८२ साली नॅप आणि मायकल्स ह्यांनी तर दोहोंत भेदच नाही असे ठरविले. समुद्राच्या लाटेने वाळूवर वर्ड्‌स्वर्थच्या कवितेच्या ओळी उमटविल्या तर त्या भाषा नव्हेत, भाषेसारख्या दिसणाऱ्या खुणा आहेत, कारण त्यांमागे कोणी नाही, असा त्यांचा दाखला. हा युक्तिवाद मराठीत मांडून पाहावा. ‘ह्या ओळी म्हणजे काय?’ हा प्रश्न लाटेनंतरही विचारता येतो आणि त्याचे उत्तरही देता येते. ‘ह्यांत कोणाला काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न तेवढा निराधार होतो. इंग्रजीत दोन्ही प्रश्नांचे क्रियापद एकच असल्यामुळे दुसरा कोसळताच पहिलाही कोसळला असा भास झाला. मराठी समीक्षेला ह्या भासापासून मोकळे राहता आले असते. परंतु ‘कवीला येथे काय म्हणायचे आहे?’ हा परीक्षेतील प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारून तिने ती सवलत स्वतःच गमावली.

संस्कृत परंपरेत हा भेद अधिक नेटका आहे. ‘विवक्षा’ म्हणजे बोलण्याची इच्छा, आणि ‘तात्पर्य’ म्हणजे वाक्याचा रोख. ‘सैंधव आण’ असे कोणी म्हटले तर मीठ आणावे की घोडा, हे नैयायिक वक्त्याच्या इच्छेवरून ठरवितो. जेवणाचा प्रसंग हे त्या इच्छेचे गमक. मीमांसकाला हा मार्ग बंद आहे. त्याच्या दृष्टीने वेद अपौरुषेय. तेथे इच्छा करणारा कोणी नाही. म्हणून त्याने तात्पर्य वाक्यसंदर्भातच शोधले, उपक्रम आणि उपसंहार ह्यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता इत्यादी खुणांच्या आधारे. लेखकाविना वाचन कसे करावे ह्याचा इतका शिस्तबद्ध विचार नवसमीक्षेने केलेला नाही. आनंदवर्धनाने तर ध्वनीचे मूळ दोन भेदच विवक्षेवरून केले: वाच्यार्थ विवक्षित नसलेला, आणि वाच्यार्थ विवक्षित असूनही अन्य अर्थाकडे नेणारा. येथे विवक्षा हा कवीच्या मनोव्यापाराचा पुरावा नसून वाक्याच्या बांधणीचा गुण झाला आहे.

तथापि प्रश्न केवळ अर्थनिर्णयाचा असता तर एवढ्यावर थांबता आले असते. ‘मीन’ ह्या क्रियापदाचा नैतिक उपयोग नकारात दिसतो. इंग्रजीत त्याला नकार जोडून तीन भिन्न सबबी तयार होतात: मुद्दाम केले नाही; बोललो ते मनापासून नव्हते; बोललो त्याचा तसा अर्थ अभिप्रेत नव्हता. पहिली कृतीविषयी आहे, दुसरी प्रामाणिकपणाविषयी, तिसरी अर्थाविषयी. मराठीत तिन्हींची वाक्ये निराळी असल्यामुळे एकीच्या आडून दुसरी मांडणे थोडे अवघड जाते. त्यांतही तिसरी सबब विशेष आहे, कारण तिचा न्याय एकट्या बोलणाऱ्याला करता येत नाही. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे खरे असू शकते आणि तरीही ‘ते वाक्य म्हणजे तेच’ हेही खरे असू शकते. दुखावलेला माणूस दुसऱ्या वाक्यावर उभा असतो, बोलणारा पहिल्यावर. दोघेही खोटे बोलत नाहीत.

कायद्याने ह्या दोन जागा निरनिराळ्या कलमांत ठेवल्या. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत (तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेने घेतली) १९२७ साली घातलेले कलम २९५-अ धर्मभावना दुखावण्यासाठी जाणीवपूर्वक व दुष्ट हेतूची अट घालीत होते. अश्लीलतेच्या कलम २९२ ला लेखकाच्या अशा हेतूची गरज नव्हती. वाचणाऱ्यावर होणाऱ्या परिणामाची प्रवृत्ती तेथे पुरेशी होती. वसंत दत्तात्रेय गुर्जर ह्यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली आणि तिच्यावरील खटला ह्या दुसऱ्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०१५ च्या निकालात न्यायालयाने बिनशर्त माफी मागितलेल्या प्रकाशकाला मोकळे केले. कवीने मात्र आपला बचाव खटल्यातच मांडावा असे ठरविले. ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शब्द घातले असता समकालीन समाजमानकांची कसोटी अधिक कडकपणे लागू होते, असेही म्हटले.

ह्या निकालातील अडचण सहानुभूतीच्या कमतरतेची नाही. न्यायालयाने काव्यस्वातंत्र्याची चर्चा दीर्घ केली आहे. अडचण ‘तोंडी घालणे’ ह्या क्रियेच्या व्याकरणाची आहे. कवितेत बोलणारा ‘मी’, त्याला भेटलेला ‘गांधी’, आणि शीर्षकाखाली नाव असलेला कवी ह्या तिघांपैकी ‘म्हणायचे आहे’ ह्या प्रयोगाची चतुर्थी कोणाला लावायची? उपरोधाच्या कवितेत वाच्यार्थ बहुधा विवक्षित नसतो. आनंदवर्धनाच्या पहिल्या भेदाला तो जवळचा. तो विवक्षित आहे असे धरून समाजमानकांची कसोटी लावणे म्हणजे कवितेऐवजी तिच्यातील शब्दांची यादी वाचणे होय. पण कवीच्या बाजूनेही ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हा बचाव पुरत नाही. त्याला ‘ह्या कवितेत ते शब्द म्हणजे काय’ हे दाखवावे लागते, आणि ते काम मीमांसकाच्या खुणांनीच होऊ शकते. कवीची साक्ष त्यात इतर कोणाही वाचकाच्या साक्षीएवढीच.

लाटेचा दाखलाही आता कल्पित राहिलेला नाही. २०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेली भाषायंत्रे अशी वाक्ये लिहितात की ‘म्हणजे’चा प्रश्न त्यांना पूर्णपणे लागू पडतो, ‘म्हणायचे आहे’चा लागू पडतो की नाही ह्याबद्दल मात्र वाद आहे. तशा एखाद्या वाक्याने कोणाची बदनामी झाली तर ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे म्हणायलाही तेथे कोणी पुढे येत नाही. आणि ते वाक्य छापणाऱ्याला, गुर्जरांच्या प्रकाशकाप्रमाणे, माफी तेवढी मागता येते.