काटा, कान आणि भूक

"डाएट नको, व्यायाम नको, गोळी नको, कानात सुया टोचून घ्या, वजन उतरेल." या धर्तीची जाहिरात आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. बिदरलगतच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. कारखान्यात पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, हळूहळू पोट सुटतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एकदा सुया टोचून तर बघ. अपाय तर नाही ना?" या शेवटच्या प्रश्नाशी भांडायलाच हवं.

वजन का वाढतं, हे वाचकाला नव्याने सांगायला नको. डॉ. दीक्षितांची दोन जेवणं की ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं, हा वाद मराठी घरांनी मनसोक्त घातला आहे.

मात्र एक फरक नीट धरून ठेवावा लागतो. दुखणं सांगावं लागतं, वजन मोजता येतं. गुडघा किती ठणकतो ते ज्याचा गुडघा त्यालाच ठाऊक. तो "उतार पडला" म्हणाला की उतार पडला. वजनकाट्याला कुणाच्या सांगण्याशी देणंघेणं नसतं. आणि ॲक्युपंक्चरची, म्हणजे या सुया टोचण्याच्या पद्धतीची, पत उभी राहिली ती मुख्यतः दुखण्यावर. 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर पोटात जो त्रास सुरू झाला त्यावर त्यांना सुया टोचल्या गेल्या. त्यांनी तो अनुभव छापला आणि अमेरिकेत सुयांचा बोलबाला झाला. दुखण्यावर कमावलेली ही पत आज वजनाच्या दुकानात उधारीवर चालते आहे.

सोलापूर-कलबुर्गीकडच्या माणसाला या पतीत आपुलकीही मिसळलेली असते, ती डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ते झिजले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. सुईचं तंत्र भारतात रुजवलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात उपचार करू लागले. तरीही सुया म्हटलं की नाव निघतं कोटणीसांचं. लुधियान्याचं ॲक्युपंक्चर रुग्णालयही त्यांच्याच नावाचं आहे. सोलापूरने त्यांचा अभिमान बाळगावाच. पण त्या त्यागाच्या पुण्याईवर कुणी पोट उतरवण्याचं पॅकेज विकू नये.

वजनासाठी जो कान टोचतात त्याचा आजचा नकाशा तर फ्रान्समधल्या लियाँच्या डॉ. पॉल नोजिए यांनी 1950च्या दशकात मांडलेला. कान म्हणजे उलटा गर्भ, अशी त्यांची कल्पना. कानाच्या भोकापुढे जो लहानसा उंचवटा असतो तिथे भुकेचा बिंदू मानतात. बरेच जण तिथे सुईऐवजी मोहरीसारखा काळा दाणा कातडीच्या रंगाच्या पट्टीने चिकटवतात आणि जेवणाआधी तो चिमटीत धरून दाबायला सांगतात.

काटा काय म्हणतो? 2009 मध्ये कोरियन संशोधकांनी लठ्ठपणावरचे 31 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 3,013 माणसं होती. खोट्या, म्हणजे नुसत्या भासाच्या किंवा भलत्या जागी टोचलेल्या, सुईच्या तुलनेत खऱ्या सुईने सरासरी दीड किलोच्या आसपास जास्त उतरलं, आणि मुळात बरेचसे अभ्यास कच्चे होते. ऐंशी किलोच्या माणसाने निदान चार किलो, म्हणजे पाच टक्के, उतरवावेत असं डॉक्टर म्हणतात. त्यापुढे दीड किलो म्हणजे फारच थोडं. इथेच सुईचा निकाल लागला असं वाटतं.

पण भूक? भूक दुखण्याच्या गोत्रातली आहे. ती काट्यावर ठेवता येत नाही, सांगावीच लागते. आणि सांगण्याच्या गोष्टींवर विश्वासाचा, विचारपुशीचा परिणाम होतो. टेड कॅप्चुक आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आतड्याच्या विकाराच्या 262 रुग्णांवर केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. नुसतं वाट पाहत ठेवलेल्यांपैकी 28 टक्के जणांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. खोटी सुई लावलेल्यांत हे प्रमाण 44 टक्के झालं. आणि खोटी सुई लावणारा वेळ देऊन, आस्थेने बोलला तेव्हा 62 टक्के! मग जेवणाआधी कानातला दाणा दाबणाऱ्या बाईने क्षणभर थांबून दुसरी शेंगापोळी नाकारली, तर तो दाणा खोट्या जागी होता की खऱ्या, याने काय बिघडलं? ती पोळी पोटात गेली नाही, एवढं काट्याला पुरे.

म्हणजे सुई वजनापर्यंत पोचते ती ताटावरूनच. हे मान्य केलं की सुई हद्दपार करण्याचा आग्रह सोडावा लागतो. आहारासोबत तिला जागा आहे. पण त्याच न्यायाने "डाएट नको" ही जाहिरात सगळ्यात घातक ठरते, कारण सुईचा जो एकमेव रस्ता शाबूत आहे तोच ती बंद करते.

उरला "अपाय नाही" हा युक्तिवाद. कानाच्या कूर्चेला रक्तपुरवठा बेताचा. दिवसेंदिवस आत ठेवलेल्या सुईने तिथे संसर्ग झाला तर तो लवकर हटत नाही, कानाचा आकारही बिघडू शकतो. त्याहून मोठा अपाय म्हणजे वाया गेलेले महिने. वजन थायरॉईड मंदावल्यामुळे वाढलेलं असू शकतं, सोबत साखरही वाढलेली असू शकते, आणि रुग्ण मात्र पुढच्या सिटिंगची तारीख घेत बसतो. महाराष्ट्राने 2015च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चरला चौकट दिली, 2019 मध्ये केंद्रानेही या पद्धतीला मान्यता दिली. मान्यता आली की जबाबदारीही येते. पहिल्या सुईआधी थायरॉईड आणि साखरेची तपासणी व्हावी. दर भेटीत वजनासोबत काल काय खाल्लं आणि भूक किती लागली याची नोंद व्हावी. आणि दहाव्या सिटिंगचं वजन जो फलकावर लावतो, त्याने त्याच माणसाचं वर्षानंतरचं वजनही शेजारी लावावं.