शंखातला जीव

चंद्रपूर-गडचिरोलीच्या देवघरांतला शंख ज्या समुद्रातून येतो, तो इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. म्हणून शंख एका गोगलगायीचं घर होता, हे इथे सहज विसरलं जातं. ती मन्नारच्या आखातासारख्या उथळ समुद्रात वाळूच्या तळाशी राहून किडे खाते. जँथिना ही जांभळी गोगलगाय बुडबुड्यांचा तराफा करून उष्ण कटिबंधातल्या महासागरांत दूरवर तरंगत जाते. पूजेच्या शंखाची पिल्लं मात्र अंडकोषातून बाहेर पडतात ती रांगतच. त्यामुळे एका जागचे शंख उपसले, तर ती जागा दुरून येणाऱ्या पिल्लांनी भरत नाही. मग जीव काढून उरलेलं कवच पवित्र कसं?

परंपरेने हा जीव लपवलेला नाही. जैन शास्त्र शंखाला स्पर्श आणि रस एवढीच इंद्रियं असलेल्या जीवांत मोजतं, आणि तोच शंख तीर्थंकर नेमिनाथांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह आहे, ज्यांनी लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून संसार सोडला. भद्रावतीच्या जैन मंदिरात येणाऱ्या श्रावकाला ही कथा नवी नाही. कुणी म्हणेल, वैष्णव कथेत शंख दैत्य मारून मिळाला, त्यात पाप कसलं? पण भागवतातला तो प्रसंग नीट वाचावा. कृष्णाच्या गुरूचा मुलगा पंचजन दैत्याने नेला असं समुद्र सांगतो, कृष्ण त्या दैत्याला मारतो, आणि मुलगा त्याच्या पोटात सापडतच नाही. हाती उरतो फक्त शंख. तो घेऊन कृष्ण यमाच्या नगरीत जातो आणि तिथे फुंकतो. पांचजन्य नावाच्या त्या शंखाच्या मुळाशी एक फुकट गेलेला जीव आहे, आणि कथेने तो झाकलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: मेलेल्या प्राण्याचं कवचही चालेल की! चालेल, आणि चालावं. पण मेलेल्या शंखाला समुद्रातले इतर जीव पोखरतात, आणि बाजाराला गुळगुळीत, पांढराशुभ्र शंख हवा असतो. पोखरलेला शंख देवाला चालत नाही, हा हट्ट आपला आहे. याउलट भामरागडकडच्या माडिया गावांत पंडुम हा सण झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. झाडाचं घेण्याआधी देवाला विचारलं जातं. आपल्या पूजाविधीत शंख सागरात जन्मला असं म्हटलं जातं. त्यात राहणाऱ्या जिवाला कुणी विचारत नाही.