वडीलच मुलीला विसरले, तर?



सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिला असेल. आम्हीही तो उशिराच पाहिला. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) स्मृतिभ्रंशामुळे घरच्यांनाही ओळखेनासे होतात. मुलगी इरा त्यांना सांभाळते. एके दिवशी रस्त्याने जाणाऱ्या हत्तीच्या मागे ते चालू लागतात आणि हरवतात.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. आईवडिलांचे ऋण कधी फिटत नाही, असे त्याचे मत. आपल्याकडेही तसेच म्हणतात. पण ऋण म्हटले की हिशेब आला, आणि हिशेबाला दोघे लागतात. समोरच्याला आपण कोण हेच आठवत नसेल, तर फेड कोणाची करायची?

चित्रपटात माहुताची बायको चन्नम्मा त्यांना जेवू घालते, लेकरासारखे जपते. ती कन्नड बोलणारी, गरीब. त्यांचे काहीच देणे लागत नाही. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाहताना वाटते, माया असावी तर अशी. पण चन्नम्माची माया थोड्या वेळाची आहे. इराला रोज उठायचे आहे, आणि उद्याही वडील तिला ओळखणार नाहीत. आम्हाला इराच मोठी वाटली, तिच्या चिडण्यासकट.

आपल्या घाटनांदूर परिसरात दिवाळीनंतर कितीतरी घरे ऊसतोडीला जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. अशाच एका वडिलांसाठी त्यांची लेक सासरहून येऊन राहिली आहे. (तिला विचारूनच हे लिहीत आहोत.) आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो, तेव्हा ती म्हणाली, "फादर, काल मी आण्णांवर लई ओरडले. रात्रभर झोप नव्हती. मला पाप लागलं का?"

आम्ही तिला विचारले, "शेवटची नीट झोपलीस कधी?" तिला सांगता आले नाही. मग आम्ही भावांविषयी विचारले. ती गप्प बसली.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ सालचा कायदा मुलगा व मुलगी दोघांनाही जबाबदार धरतो. मात्र कायद्याने फार तर पैसे मिळतील. रात्रीचे जागरण कोण वाटून घेणार? पवित्र कुटुंबाच्या सणाला बेनसिराचे वाचन होते. वडिलांची बुद्धी क्षीण झाली तरी त्यांच्याशी सहनशीलतेने वाग, असे तो मुलाला सांगतो. मुलाला! आणि आम्ही मात्र इतकी वर्षे प्रवचनात सेवेचा विषय निघाला की स्त्रियांच्या बाकांकडेच पाहत आलो.

ही भगिनी कित्येक रविवार मिस्सेला येऊ शकलेली नाही, कारण आण्णांना एकटे सोडता येत नाही. तासा-दीड तासाचाच प्रश्न आहे. त्या वेळी आम्ही वेदीवर असतो. पुरुषांपैकी कोणी त्यांच्याजवळ बसायला तयार असेल, तर आज मिस्सेनंतर दाराशी भेटावे.