जळालेली गुंडाळी पुन्हा लिहिताना

प्रतिकूल राजकारणात ख्रिस्ती माणसाने प्रामाणिकपणे कसे लिहावे, हा प्रश्न बेंगळुरूत सर्वांत उघडपणे समोर आला तो आणीबाणीत. २६ जून १९७५ रोजी संसदीय समितीच्या बैठकीसाठी शहरात आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि मधु दंडवते यांना तिथेच अटक झाली. त्यांची रवानगी बेंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात झाली. त्याच शहरात मिलर्स रोडवर युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासून पाळक घडवत होते. धर्म आणि समाज यांच्या नात्याचा अभ्यास करणारी ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ रिलिजन अँड सोसायटी’ ही संस्थाही १९५७ पासून याच शहरात होती. पी. डी. देवानंदन तिचे पहिले संचालक. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढची दशकभराहून अधिक वर्षे ती एम. एम. थॉमस यांनी सांभाळली.

थॉमस मूळचे केरळचे, मार थोमा चर्चचे. तरुणपणी त्यांनी चर्चकडे पाळकपदाची दीक्षा मागितली आणि कम्युनिस्ट पक्षाकडे सभासदत्व. मार्क्सवादी विचारांमुळे चर्चने नकार दिला आणि ख्रिस्तश्रद्धेमुळे पक्षाने. हा किस्सा सहसा गमतीने सांगितला जातो, पण त्यांच्या पुढच्या लेखनाचा पाया त्यात दिसतो. दोन्ही घरांनी दार लावलेल्या माणसाला कोणत्याच घराची वकिली करावी लागत नाही. १९६८ ते १९७५ या काळात ते जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे आणीबाणी आली तेव्हा त्यांचा शब्द परिषदेच्या जिनिव्हातील मुख्यालयापर्यंत पोहोचत होता. तरी त्यांनी लिहिले ते मद्रासहून निघणाऱ्या ‘गार्डियन’ या छोट्या ख्रिस्ती साप्ताहिकात.

छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवण्याची सक्ती देशभर होती. मद्रासमध्ये १९७६ च्या जानेवारीअखेर द्रमुकचे सरकार बरखास्त होईपर्यंत ती तुलनेने सैल होती. एखादे वाक्य छापले जाईल की नाही, हे अशा वेळी लेखकाच्या धैर्याइतकेच छापखाना कोणत्या राज्यात आहे यावरही अवलंबून असते. जुलै १९७५ ते फेब्रुवारी १९७७ या काळातले थॉमस यांचे लेखन १९७९ मध्ये ‘रिस्पॉन्स टु टिरनी’ या नावाने पुस्तकरूपात आले.

या लेखनाची अडचण वेगळी होती. थॉमस समाजवादी विचारांचे होते. जमीन सुधारणा, वेठबिगारीची मुक्तता हे वीस कलमी कार्यक्रमातले विषय त्यांना परके नव्हते. ‘आधी भाकरी, मग स्वातंत्र्य’ हा सरकारी युक्तिवाद त्यांच्याच भाषेत बोलत होता, म्हणून तो खोडणेही त्यांच्यावर आले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : गरिबाला संघटित होण्याचा आणि जाब विचारण्याचा हक्क नसेल, तर त्याच्या पदरात पडते ती मेहेरबानी, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. त्यात चर्चच्या शाळा, चर्चच्या जमिनी, चर्चची देणगी यांची काळजी मागे राहते आणि नागरिक पुढे येतो. ख्रिस्ती लेखन आणि ख्रिस्ती जमातीचे निवेदन यांतला फरक इथे नीट दिसतो.

बहुतेक चर्चनेते तेव्हा गप्प राहिले. काहींनी स्वागतही केले. आधाराला पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय होता, ज्यात सत्ताधारी देवाने नेमलेले सेवक आहेत असे म्हटले आहे. याच नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दिसते, पण तो अध्याय त्या दोन वर्षांत व्यासपीठांवरून फारसा वाचला गेला नसावा. अपवाद होता थॉमस यांच्याच चर्चचे प्रमुख युहानोन मार थोमा यांचा. त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आणीबाणी उठवण्याची मागणी केली.

या परंपरेतल्या लेखकाला बायबलमध्ये धीर देणारे नमुने पुष्कळ सापडतात, पण लेखनाच्या धंद्याविषयीचा सर्वांत नेमका प्रसंग यिर्मयाच्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात आहे. थंडीचे दिवस. राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसला आहे. यिर्मयाने सांगितलेली आणि बारूख लेखनिकाने शाईने उतरवलेली गुंडाळी त्याच्यासमोर वाचली जाते. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्याच चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. असे करत सगळी गुंडाळी संपते. कोणी घाबरत नाही, कोणी कपडे फाडत नाही. नंतर यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो आणि बारूख तोच मजकूर पुन्हा लिहितो, आणखी भर घालून. देवाचा कोप, चमत्कार असे काही त्या खोलीत घडत नाही. मजकूर पुन्हा लिहिणे हेच पहिले उत्तर आहे.

आणीबाणीतल्या बेंगळुरूत असे लिहिणारे सगळे धर्मपंडित नव्हते. मंगळुरी कॅथलिक फर्नांडिस कुटुंब याच शहरात राहत होते. जॉर्ज फर्नांडिस पाळक व्हायला इथल्याच सेंट पीटर्स सेमिनरीत दोनेक वर्षे राहून बाहेर पडले होते. पुढे १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारे कामगारनेते म्हणून मराठी माणसाला ते परिचित झाले. ते भूमिगत असताना पोलिसांनी १ मे १९७६ रोजी त्यांचा भाऊ लॉरेन्स याला उचलले आणि ठावठिकाणा विचारत बेदम मारले. आई अॅलिस फर्नांडिस यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिले. मुलाला कधी नेले, कुठे ठेवले, तो दोघांच्या आधाराशिवाय हलू शकत नाही, त्याची डावी बाजू लुळी पडल्यासारखी आहे आणि हातपाय सुजले आहेत, अशा नोंदींनीच ते पत्र वजनदार होते. त्याच्या प्रती गुपचूप देशात आणि देशाबाहेर फिरल्या. सत्यकथनाचा हा प्रकार वैचारिक लेखाच्या कितीतरी पुढे जातो.

‘संस्कार’ चित्रपटातल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना त्याच मे महिन्यात अटक झाली आणि बेंगळुरूच्या तुरुंगात आठ महिने ठेवण्यात आले. त्या धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या होत्या, मात्र त्यांनी भारतीय नाव मुद्दाम पुन्हा स्वीकारले होते. दम्याने त्या हैराण होत्या. त्यांच्या किंकाळ्या रात्रीच्या शांततेत आपल्या कोठडीपर्यंत येत, असे मधु दंडवते यांनी आठवणींत नोंदवले आहे. १५ जानेवारी १९७७ रोजी पॅरोलवर सुटल्यावर पाच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. तुरुंगातली रोजनिशी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिला धार्मिक लेखन म्हणणे ओढाताण होईल. तरी कोठडीत स्वतः खंगत असताना इतर स्त्री कैद्यांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध भांडणे आणि त्याची नोंद ठेवणे, हे या विषयाच्या बाहेरचे नाही.

महाराष्ट्रात डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, हे सर्वश्रुत आहे. मराठी ख्रिस्ती लेखनातले त्याहून जुने आणि कमी आठवले जाणारे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रिया सुरक्षित नाहीत, असे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहिले. पत्राचा विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला; मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. धर्मांतरामुळे पुण्याच्या सनातन्यांनी रमाबाईंना आधीच टाकले होते. सत्ता ख्रिस्ती होती आणि त्यांना इंग्रज मित्र हवे होते. तरी लिहिले ते त्या सत्तेविरुद्धच. स्वतःच्या घराला लागणारे सत्य लिहिणे ही या परंपरेची कसोटी मानली, तर तिच्यावर थॉमस यांच्याआधी पाऊणशे वर्षे रमाबाई उतरलेल्या दिसतात.

मराठी ख्रिस्ती पत्रकारितेचा हा धागा पुढे वसईत ‘सुवार्ता’ मासिकात दिसतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून दोन तपे त्याचे संपादन केले आणि वसईची शेती आणि पाणी वाचवण्याच्या हरित वसई चळवळीत ते उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरू असण्यावरून वाद उठवला गेला. मराठीत ‘सुबोध बायबल’ आणणाऱ्या माणसाला मराठीपण सिद्ध करायला लावण्याचा तो प्रकार होता.

कर्नाटकात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या १.८७ टक्के होती. २०२२ मध्ये धर्मांतरविरोधी कायदा आला, आणि त्याआधी बेंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो यांनी मुख्यमंत्र्यांना विरोधाचे पत्र पाठवले होते. असे लेखन आवश्यकच असते. पण छोट्या जमातीचे लेखन सतत आपल्याच जखमेभोवती फिरू लागले, तर इतरांच्या जखमा त्याला दिसेनाशा होतात, हा धोका खरा आहे.

हा धोका टाळणारे उदाहरणही बेंगळुरूशी जोडलेले आहे. तिथल्या बेन्सन टाउनमधील इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालकपद १९७५ पासून दशकभर येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांनी सांभाळले आणि नंतर ते झारखंडमध्ये आदिवासींबरोबर राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये, ८३ व्या वर्षी, एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली. पार्किन्सनमुळे हात थरथरत, पेला तोंडापर्यंत नेता येत नसे. तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याचा विषय न्यायालयापर्यंत गेला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, जामीन अर्ज प्रलंबित असताना, त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने बेंगळुरूहून त्यांचे ‘आय अॅम नॉट अ सायलेंट स्पेक्टेटर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. तुरुंगातून सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांचे लक्ष आजूबाजूच्या कच्च्या कैद्यांकडे आहे : आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे हे माहीत नसलेले, आरोपपत्र न पाहिलेले, वकिलाविना वर्षानुवर्षे पडून राहिलेले गरीब कैदी.