सोयीची अक्षरे

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील एका तरुण वाचकाच्या हाती आम्ही मिस्सेतील वाचनाचा कागद दिला. त्याने संकोचाने मोबाइल पुढे केला. तेच वाचन त्याने रोमन अक्षरांत लिहून आणले होते. मराठी त्याची घरची भाषा. मात्र देवनागरी वाचताना तो अडखळतो. आम्ही मान डोलावली. इतकेच नव्हे, तर नाताळच्या गीतांचे कागदही मग आम्ही रोमन लिपीतच छापून घेतले. या सोयीचा हिशेब मांडणे आम्हांस भाग आहे.

जागतिकीकरणाने आणि यंत्राने आपली संस्कृती गिळली, असे म्हणण्याची रूढी पडली आहे. आम्हांस ते अर्धसत्य वाटते. आपल्या परंपरेतील थोर मराठी ग्रंथ परदेशी माणसानेच लिहिला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे; १५७९ साली ते गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीतच! कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ सालच्या पत्रात फादरांनी वरिष्ठांकडे येथील लिपीचे खिळे पाडण्याची अनुमती मागितली होती. यंत्राला आपले अक्षर येत नव्हते आणि एक परका माणूस ते त्याला शिकवू पाहत होता.

आज यंत्राला ते येते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. खिशातल्या साध्या फोनवरही ती उमटते. तेव्हा दोष यंत्राच्या माथी मारणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मुलांना इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या बापालाही आम्ही दोष देणार नाही. आखातातील नोकरीवर घर उभे राहिलेले त्याने पाहिले आहे. त्या शाळा काढण्यात आम्हां धर्मगुरूंचाही हात होताच.

रोमन लिपी हलकी आहे, असे नव्हे. गोव्यातील कोंकणी तियात्र, गीते आणि वृत्तपत्रे त्याच लिपीत वाढली. तेथे आजी आणि नात दोघींनाही ती वाचता येई. आमच्याकडे मात्र वेगळेच घडते. एका आजीबाईंचा नातू परदेशी असतो. तो आठवणीने निरोप पाठवतो, पण रोमन अक्षरांत. आजीबाईंना देवनागरीच येते. मग शेजारची मुलगी निरोप वाचून दाखवते. एकदा त्यात त्याच्या मोडू घातलेल्या संसाराची गोष्ट होती. मुलगी वाचता वाचता थांबली आणि आजीबाईंना काय ते कळले. दोघांमध्येच राहावे असे दुःख तिसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले. फोनवर बोलावे म्हणाल, तर काही गोष्टी बोलवत नाहीत; म्हणून तर माणसे लिहितात.

तरुणांची सोय पाहताना वृद्धांना दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? गीतांचे कागद वाटताना हा प्रश्न आमच्या मनात आला नाही, हे कबूल करतो.

यंदा कागद दोन्ही लिप्यांत, शेजारी शेजारी छापले आहेत. खर्च वाढल्याने पॅरिश कौन्सिलमध्ये कुरबुर झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती. तो वाचक शनिवारी संध्याकाळी येऊन बसतो. ‘काल’ आणि ‘काळ’ त्याच्या मोबाइलवर एकसारखेच दिसत. तो आता ‘ळ’ गिरवतो आहे.