गाडीचा बिघाड आणि कारणज्ञानाचा प्रश्न

दुरुस्तीनंतर गाडी सुरू झाली, एवढ्यावरून बिघाडाचे कारण कळले असे म्हणता येते काय, हा प्रश्न वरकरणी गॅरेजमधला वाटत असला, तरी त्याचे मूळ भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी मिळते याचा विचार करणाऱ्या शास्त्रात आहे. न्यायसूत्रांवरील भाष्याच्या आरंभीच वात्स्यायनाने असे प्रतिपादले आहे की, प्रमाणाने वस्तू जाणून घेऊन केलेली प्रवृत्ती सफल होते आणि त्या साफल्यावरून प्रमाणाची सार्थकता ठरते. ‘गाडी चालू झाली ना, मग झाले’ असे म्हणणारा मेकॅनिक नकळत याच भूमिकेचा आधार घेत असतो. मात्र बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात नैयायिकांपुढे एक अवघड उदाहरण ठेवले: झाकलेल्या मुठीत कवड्या किती, असे विचारल्यावर एखाद्याने अंदाजाने ‘पाच’ म्हटले आणि मुठीत खरोखरच पाच कवड्या निघाल्या, तर त्याचे उत्तर खरे ठरते, पण त्याला ते ज्ञान होते असे मानायचे काय?

जुन्या गाडीच्या दुरुस्तीत ही अडचण किती खोल जाते, हे मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या एका परिचित दुखण्यावरून स्पष्ट होते. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाची ही गाडी मे महिन्यात भर दुपारी सासवडकडे जाताना दिवे घाट चढू लागली की मध्येच आचके देते, बंद पडते आणि काही वेळ उभी राहिल्यानंतर पुन्हा निमूटपणे सुरू होते. याचे प्रसिद्ध कारण असे सांगितले जाते की, इंजिनालाच जोडलेला पेट्रोल पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि द्रवासाठी बनवलेला पडद्याचा पंप ती वाफ नुसती दाबत व सोडत राहतो, त्यामुळे कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल चढत नाही. उपायही तितकाच प्रसिद्ध आहे: पंपावर ओले फडके टाकायचे आणि थांबायचे. फडके टाकले, गाडी सुरू झाली, म्हणून दोष पंपाचा, असे अनुमान येथे सहज केले जाते.

परंतु हेच लक्षण दुसऱ्या कारणानेही तंतोतंत उत्पन्न होते. बॅटरीच्या अल्प दाबाच्या विजेचे प्लगवर ठिणगी पाडण्याइतक्या उच्च दाबाच्या विजेत रूपांतर करणारी इग्निशन कॉइल जुनी झाली की तिच्या आतील वेटोळ्यांचे आवरण किंवा जोड उष्णतेने दगा देतो, ‘करंट’ तुटतो आणि कॉइल निवली की तो पूर्ववत येतो. फडके पंपावर पडलेले असताना बॉनेटखाली कॉइलही निवतच असते. म्हणजे गाडी सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टी घडलेल्या असतात आणि पाहणाऱ्याचे लक्ष त्यांपैकी एकीवरच असते. न्यायशास्त्र अशा गोष्टीला अन्यथासिद्ध म्हणते: कार्याच्या आधी उपस्थित असलेली, पण ते कार्य घडण्यास जिची गरज नाही अशी. फडके येथे कारण आहे की अन्यथासिद्ध, हे केवळ गाडी सुरू झाल्याने ठरत नाही.

ते ठरवण्याची रीत अन्वय आणि व्यतिरेक ही आहे. कारण असता कार्य असणे हा अन्वय आणि कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. जाणता मेकॅनिक गाडी बंद पडताक्षणी, काहीही निवण्यापूर्वी, एक प्लग काढून तो इंजिनाच्या धातूला टेकवतो, स्टार्टर मारायला सांगतो आणि ठिणगी निळी व जोमदार पडते की नाही ते पाहतो. नंतर कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून, सांडणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनापासून दूर बाटलीत धरत, पंप ते ढकलतो का हे तपासतो. ठिणगी चांगली आणि नळी कोरडी असेल, तर वीज वगळली जाते आणि शोध पेट्रोलच्या मार्गापुरता उरतो. शक्य पर्यायांचा एकेक निषेध करून उरलेल्याचा निश्चय करणे याला वात्स्यायनाने ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ म्हणून स्थान दिले आहे. या परीक्षेचे सारे मूल्य तिच्या वेळेत आहे, कारण दहा मिनिटांनंतर दोन्ही पर्याय निर्दोष दिसू लागतात आणि पुरावा नाहीसा होतो.

याच संदर्भात उपाधीचा, म्हणजे साहचर्यामागे दडलेल्या अटीचा, विचारही उपयोगी पडतो. ‘घाट लागला की गाडी बंद पडते’ अशी व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, मालक बांधतो. पण जानेवारीच्या पहाटे तीच गाडी तोच घाट विनातक्रार चढते आणि मेमध्ये लक्ष्मी रस्त्यावरच्या कोंडीत, सपाटीवर, बंद पडते. बंद पडण्याच्या प्रत्येक प्रसंगी हजर असलेली, पण प्रत्येक घाटात हजर नसलेली उष्णता ही येथे उपाधी होय. शास्त्रातील रूढ उदाहरणात अग्नीवरून धूर अनुमानताना ओल्या इंधनाचा संयोग हा उपाधी म्हणून येतो, त्याच जातीचे हे उदाहरण आहे.

धुराचाही येथे विचार करावा लागतो. सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर हवेच्या मानाने पेट्रोल अधिक जात असल्याचे आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा लोट बहुधा हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये उतरत असल्याचे चिन्ह असते. मात्र पुण्याच्या थंडीत सकाळी प्रथम गाडी सुरू करताना दिसणारा पांढरा लोट बहुतेक वेळा ज्वलनातून निर्माण झालेली आणि थंड नळीत निवून दाट झालेली निव्वळ वाफ असते व काही मिनिटांत ती विरते. वाफेला धूर समजून अग्नीचे अनुमान करणे हे प्राचीन ग्रंथांतील भ्रमाचे परिचित उदाहरण आहे. त्या भ्रमापायी येथे इंजिनाचे हेड अकारण उघडले जाते आणि मालकाला मोठा भुर्दंड बसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळता, वात्स्यायन आणि श्रीहर्ष यांच्यात निवड करण्याची गरज दिसत नाही. न्यायदर्शन परतःप्रामाण्यवादी आहे, म्हणजे ज्ञानाची यथार्थता त्या ज्ञानातूनच नव्हे, तर बाहेरच्या पडताळ्यातून कळते असे ते मानते. प्रश्न एवढाच उरतो की, पडताळा म्हणून काय पुरेसे मानावे. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारातून कॉइल, पंप, कंडेन्सर आणि पॉइंट असे सारेच एकदम आणून बसवले, तर गाडी चालू लागते. पण ते यश मुठीतल्या कवड्यांच्या उत्तरासारखे आहे, कारण चारांतील कोणता भाग दोषी होता हे कोणालाच कळलेले नसते आणि तीन चांगले भाग भंगारात गेलेले असतात. एकच भाग बदलून गाडी चालली, तर पारडे थोडे जड होते. जुना भाग पुन्हा बसवून त्याच उन्हात बिघाड परत आला आणि नवा बसवताच तो गेला, तरच व्यतिरेकाची बाजू पूर्ण होते. उघडून, काढून, परत बसवता येणाऱ्या भागांची जुनी गाडी ही परीक्षा करू देते, हा तिचा फार मोठा गुण आहे. आधुनिक गाडीला स्कॅनर जोडून मिळणारा दोषाचा संकेतांकदेखील कोणत्या परिपथात गडबड आहे एवढेच सुचवतो; तो हेतू, म्हणजे अनुमानाचे चिन्ह, आहे, निर्णय नव्हे, त्यामुळे पडताळ्याची जबाबदारी तेथेही टळत नाही.

घाईच्या कामात प्रत्येक वेळी जुना भाग परत बसवून पाहणे परवडणारे नसते, हे खरे आहे. तरीही काढलेला भाग मालकाच्या हाती द्यावा, तो का काढला हे सांगावे, आणि परीक्षा झाली नसेल तर गाडीच्या वहीत त्या भागापुढे ‘दोषी’ असे न लिहिता ‘संशयित’ असे लिहावे, एवढी अपेक्षा मेकॅनिककडून व मालकाकडून अवश्य ठेवावी.